न पाहिलेला माळढोक

डिसेंबरात बाबा सोलापूरहून आमच्याकडे चंदीगडला, मनीमाजऱ्यात राहायला आले. सुखना तलाव, रॉक गार्डन, दोन-चार बाजार दाखवले की झालं, असा माझा हिशेब होता. पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "इथनं जैसलमेर किती लांब पडतं गं?"

नोकरीची सगळी वर्षं ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सायकलवरून गावोगाव जाताना त्यांना माळावर माळढोक दिसायचा. माणसाच्या कमरेइतका उंच, पांढऱ्या मानेचा पक्षी. आमच्याकडे तो दिसेनासा होऊन कैक वर्षं झाली. आता उरलेसुरले तिकडे डेझर्ट नॅशनल पार्कात आहेत, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं.

माझा नवरा हवाई दलात आहे, त्याला सुट्टी मिळाली नाही. मला मोहालीच्या ऑफिसातून शनिवार-रविवार धरून चार दिवस मिळाले. म्हणजे दोन दिवस जायला, तिसऱ्या दिवसाची सकाळ पक्ष्यासाठी, आणि उरलेला दीड दिवस यायला. नवरा म्हणाला, यार, हे फार घाईचं होतंय. मी ऐकलं नाही.

त्या घाईनेच सगळं बिघडवलं. बाबांना तासातासाला उतरावं लागायचं, आणि उतरले की चहा हवाच. चहावाल्याला ते सोलापुरी हिंदीत त्याच्या म्हशींची चौकशी करायचे आणि मी गाडीत घड्याळ बघत बसायची. पुढे ट्रक दिसला की ते पाय दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता. बिकानेरच्या अलीकडे मी त्यांना म्हणाले, की तुम्ही डोळे मिटून पडा, मला चालवू द्या. त्यांनी खरंच डोळे मिटले. त्याचाही मला राग आला.

तिसऱ्या दिवशी थंडीत कुडकुडत, उजाडता उजाडता आम्ही पार्कच्या गेटवर पोचलो. तिथल्या पहारेकऱ्याने परवानगीचा कागद मागितला. तो शहरातल्या ऑफिसातून आणावा लागतो, असं त्याने शांतपणे सांगितलं. मी हे कुठेतरी वाचलं होतं. पण गेटवरच देतील, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. मी त्याच्याशी वाद घातला, बाबांचं वय सांगितलं, नऊशे किलोमीटर सांगितले. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. शहरात जाऊन परत येईपर्यंत दुपार झाली असती, आणि त्याच दुपारी आम्हाला परतीला लागायचं होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "इथवर आलो, हेच खूप झालं."

त्या समजूतदारपणाने माझं डोकं जास्तच फिरलं. कुंपणाला लागून एक कच्ची वाट जाताना दिसली, तिच्यावर मी गाडी घातली. बाहेरून तरी काही दिसेल म्हणून. चंदीगडच्या गुळगुळीत रस्त्यांवर गाडी शिकलेली मी. शंभर-दीडशे पावलांवर चाकं वाळूत बसली. मी ॲक्सिलरेटर दाबत गेले, तशी ती आणखी खोल गेली.

मग मी खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसून हाताने वाळू उपसू लागले. जितकी काढावी तितकी पुन्हा आत सरकत होती. फोनला रेंज नव्हती. बाबा काठी टेकत थोडे पुढे गेले होते. तेवढ्यात त्यांनी हळूच हाक मारली. मी मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, त्याहून हळू.

"बाबा, आधी मला गाडी काढू द्या," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच.

मी आणखी दोन-तीन ओंजळी वाळू काढली. मग इतकी शांतता का, म्हणून उठून बघितलं. बाबा कुंपणाकडे तोंड करून उभे होते. त्यांच्यासमोर गवत होतं, झुडपं होती आणि काही नव्हतं.

"गेला," ते म्हणाले. "कुंपणाच्या अलीकडेच होता. चालत चालत आला, थांबला. तू ओरडलीस आणि उडाला."

मला माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते असं, की मग तुम्ही नीट सांगायचं ना, माळढोक आहे म्हणून.

"जास्त बोललो असतो तर उडाला असता," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

पाऊण तासाने त्या वाटेने एक जीप आली. जीपवाल्याने आधी चारी चाकांची हवा कमी करायला लावली, मग दोर बांधून गाडी ओढून काढली. त्याने विचारलं, काही दिसलं का? बाबांनी त्याला सगळं सांगितलं: पक्षी पाय कसा उचलत होता, मान कशी वळवत होता. मी तोवर हाताची वाळू झटकत बाजूला उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर बाबा जिथे म्हणाले तिथे मी थांबले. घरी पोचल्यावर नवऱ्याने दारातच विचारलं, दिसला का? "दिसला आम्हाला," बाबा म्हणाले आणि चपला काढून आत गेले. ते 'आम्हाला' दुरुस्त करायचं मला जमलं नाही.