टाकीवाल्याचं नाक

खाण बंद पडली तरी तिच्या पोटातून आंबट, नारिंगी पाणी झिरपतच होतं. ओढ्याला मिळण्याआधी ते एका झाकणबंद टाकीतून जायचं. टाकीत शेण, लाकडाचा भुसा आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. ते भुशावर जगायचे, पाण्याचा आंबटपणा मारायचे, धातू काळा गाळ करून तळाला बसवायचे. त्यांना सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे टाकीवाले म्हणत.

सडक्या अंड्यांचा वास सुटला की टाकीवाले खूश. "पोरं जेवली," म्हणायचे. बायको मात्र आंघोळ केल्याशिवाय त्यांना घरात फिरकू द्यायची नाही, आणि तेही गपगुमान ऐकायचे.

दर सोमवारी टाकीतून निघणाऱ्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पोचवायचं काम त्यांच्या मेहुण्याचं. साहेबांच्या हातापाया पडून टाकीवाल्यांनीच त्याला तिथं चिकटवलं होतं.

थंडी पडली तसा वास विरळ झाला. टाकीवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण अहवाल येतोय, पाणी उत्तम! मग त्यांनी नाकाला गप्प बसवलं आणि कागदावर भरवसा ठेवला. तेच अहवाल बघून हुकूम आला, टाकीत खाणीचं दुप्पट पाणी सोडा. चावी त्यांनीच फिरवली. पंधरा दिवसांत वास पार गेला.

एका सोमवारी विसरलेला चष्मा न्यायला ते घरी आले. स्वयंपाकघरात मेहुणा नळाखाली ती बाटली भरत होता. शेजारी बायको बाटलीचं झाकण धरून उभी.

"किती दिवस चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून, भाऊजी," मेहुणा खाली बघत म्हणाला.

"त्याला त्या वासानं मळमळतं हो," बायको म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर त्याची नोकरी घालवली असतीत."

मेहुण्याचा राग आलाच. पण जिव्हारी लागलं ते तिच्या हातातलं झाकण. तीस वर्षांचा संसार, आणि महिनोन्‌महिने ही बाई रोज समोर ताट वाढत होती.

"एका शब्दानं बोलली असतीस तर मी पाणी कमी केलं असतं. मेली ती सगळी पोरं. माझ्याच हातानं मारली मी."

त्यांनी बाटली मोरीत ओतली, टाकीवर जाऊन खरं पाणी भरलं आणि ती नारिंगी बाटली स्वतः प्रयोगशाळेत दिली.

संध्याकाळी बायको नेहमीसारखी टॉवेल घेऊन दारात उभी होती. "आधी आंघोळ."

"आता वास येत नाही अंगाला," टाकीवाले म्हणाले आणि तिच्याकडे न बघता आत गेले.