गुरं आहेत, साहेब

"भट्टीची पोरं, उठा," मास्तर म्हणाले.

आम्ही उठलो. उठा म्हटलं की उठायचं, एवढं आम्हाला पाठ होतं. मी, माझी धाकटी बहीण बुधी, आणि आमच्या शेजारच्या खोपटांतली आणखी चार-पाच पोरं. त्या दिवशी शाळा तपासायला दिपोटीसाहेब यायचे होते. ओसरी सारवली होती. गावातल्या पोरांच्या डोक्याला तेल होतं. आमच्या अंगावर कोळसा होता. तो धुतला तरी निघत नाही. नखांत, कानांत, मानेच्या घडीत बसतो.

मास्तरांनी आम्हाला घरी पाठवलं नाही. भट्टीकडं जाणारी वाट आणि साहेबांच्या बैलांच्या दमणीची वाट एकच. साहेबांना आम्ही दिसलो असतो. म्हणून शाळेला लागून कोंडवाडा होता, मोकाट गुरं कोंडायचा, त्यात आम्हाला घातलं. बाहेरून आडणा लावला.

"आवाज काढाल तर याद राखा."

आत एक म्हैस होती. दोन खोंड होते. घोट्याएवढं शेण. बुधीनं परकर गुडघ्यापर्यंत वर धरला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. भिंतीपलीकडं शाळा. सगळं ऐकू यायचं. साहेब आले, पोरांनी नमस्ते केलं, कविता म्हटली. मग साहेबांनी विचारलं, "बारा सत्ते?"

कुणी बोलेना.

"बारा सत्ते किती? कुणीच सांगत नाही?"

बुधीला येत होतं. ओसरीच्या कडेला बसून ऐकून ऐकून तिनं पाढे उचलले होते. लाकडं रचताना म्हणायची, पाणी आणताना म्हणायची. तिला राहवलं नाही. भिंतीकडं तोंड करून ओरडली, "चौऱ्यांशी!"

पलीकडं खुर्ची सरकली.

"कोण आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"गुरं आहेत, साहेब," मास्तर म्हणाले.

शाळा हसली. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. पाढे म्हणणारं ढोर त्यांना चाललं. सगळ्यात मोठ्यानं हसला तो काशा. त्याचं हसणं मी ओळखलं, कारण तो माझा दोस्त होता.

बुधीनं परकर हातातून सोडला. तो शेणात पडला. तिनं उचलला नाही.

आम्ही घाटावरचे. वर पोटाला नव्हतं म्हणून माळशेजच्या वाटेनं खाली उतरलो. इंग्रजांची मोठी लढाई चालू होती, पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात असं लोक सांगायचे, म्हणून शहापूर-मुरबाडच्या रानात भट्ट्याच भट्ट्या लागलेल्या. ठेकेदार जिथं नेईल तिथं खोपट बांधायचं. लाकडं तोडायची, रचायची, वर पाला घालून मातीनं लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि राखण करत बसायचं. किन्हवलीच्या बाजूचं ते गाव आम्हाला "उपरी" म्हणायचं. आमच्यासारखीच बोली, आमच्यासारखीच नाचणीची भाकर, पण आम्ही उपरी.

बा कधी शाळेचं नाव काढणारा माणूस नव्हता. एकदा मुरबाडच्या बाजारात दमून एका ओट्यावर टेकला. वर पाटी होती. आतून एक जण आला आणि त्यानं बाला पायताणानं मारलं. "पाटी वाचता येत नाय काय?" म्हणाला. बा घरी आला. गालावर वळ उठला होता. मला विचारलं, "त्या पाटीवर काय लिवलं आसंल रं?"

मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी त्यानं कोळशाचं एक पोतं मास्तरांच्या दारात नेऊन टाकलं. "चुलीला व्हईल, मास्तर. पोरांना बसूं द्या." मास्तरांनी बसू दिलं. ओसरीच्या कडेला, पावळीखाली, छपराचं पाणी गळतं तिथं. पटावर नाव नाही. पाटी नाही. पोतं संपलं की दुसरं पोतं.

कोंडवाड्यानंतर चार-आठ दिवसांनी काशा खोपटावर आला. काशा गावच्या कुळाचा मुलगा. त्याचा बाप पाटलाची जमीन कसायचा. काशानं सदऱ्याच्या ओच्यात बोरं आणली होती. बुधीपुढं धरली.

बुधी म्हणाली, "ढोरं बोरं खातात काय रे?"

काशानं हात मागं घेतला. बोरं तशीच ओच्यात. मग खाली बसला आणि मातीत रेघा ओढत म्हणाला, "मी सगळ्यांबरोबर हासलो गो. मला काय म्हाइत, तुला एवढं लागंल."

"तू आत हुबा रहा एकदा. मग समजंल," बुधी म्हणाली.

मग त्यानंच आम्हाला मुरबाडची गोष्ट सांगितली. त्याचा आतेभाऊ तिथं शिकायचा. गेल्या पावसाळ्यात देशासाठी मोठी मुलं वर्गातून उठून बाहेर पडली होती. मास्तर हाका मारत होते, पोलिस आले, पण एकही जण आत गेला नाही. "सगळी शाळा रिकामी," काशा सांगत होता. "नुसती बाकं." त्याचे डोळे मोठे झाले होते. बुधी ऐकत होती. म्हणाली, "ती पोरं कोनासाठी उठली?"

"देशासाठी."

"आमी देशात येतो का?"

काशा गेला तेव्हा बोरं खोपटाच्या दारात ठेवून गेला. बुधीनं खाल्ली नाहीत. पण टाकलीही नाहीत.

होळीच्या आसपास मामलेदारसाहेब यायचे ठरलं. काहीतरी सरकारी समारंभ होता. पोरांनी राजाचं गाणं म्हणायचं, मग खाऊ वाटायचा. मास्तरांनी महिनाभर गाणं घोटून घेतलं. त्या दिवशी अंगणात रांगा लावल्या. पताका बांधल्या. मास्तरांनी डोक्यावर पागोटं चढवलं आणि ओसरीकडं वळले.

"भट्टीची पोरं, उठा."

आम्ही उठलो. बुधी उठली नाही. तिनं ओसरीच्या खांबाला मिठी मारली.

मास्तरांनी तिचा दंड धरला. ओढलं. ती सुटेना. मास्तर तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले. ती रडत नव्हती. दातओठ खाऊन नुसती धरून होती. मी बघत होतो.

"मास्तर, तिला सोडा."

रांगेतून काशा बाहेर आला होता.

"रांगेत हो!"

"ती कोंडवाड्यात, तर मी बी कोंडवाड्यात."

आणि तो गेला. खरंच गेला. आडणा काढला आणि आत जाऊन उभा राहिला. त्याचा धुतलेला सदरा, तेल लावलेलं डोकं. मग त्याच्या शेजारी बसणारा पोरगा गेला. मग त्याच्या मागचा. मग रांगाच फुटल्या. मास्तर ओरडत होते, छडी घेऊन धावत होते, पण एकाला धरलं की दुसरी चार पोरं आत. सगळ्यात शेवटी पाटलाचा नातू तेवढा अंगणात उरला. तो रडायला लागला आणि तोही पळत आत आला.

बुधीनं खांब सोडला. माझा हात धरला आणि म्हणाली, "चल दादा." आम्ही आत गेलो. जागा नव्हती. पोरं एकमेकांना चिकटून उभी. काशानं बुधीला आडण्याजवळ, वारं लागेल अशी जागा करून दिली.

मामलेदारसाहेब आले तेव्हा अंगण रिकामं. पताका फडफडतायत, आणि अख्खी शाळा कोंडवाड्यात. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"हा काय प्रकार आहे?"

मास्तरांनी छडी पाठीमागं लपवली. काशा आडण्यावर हात ठेवून उभा होता. त्यानं साहेबांकडं सरळ बघितलं.

"गुरं हायत, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही.

मी तेवढ्यात बोललो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबाशी. "आमची नावं पटावर लावा," मी म्हणालो. "आमी आतमंदी बसनार." एवढंच बोललो.

साहेब मास्तरांना म्हणाले, "हे निस्तरा." दमणीत बसून गेले. खाऊचा डबा त्यांच्याबरोबर परत गेला.

तिसऱ्या प्रहरी चावडीपुढं पाटलानं काशाच्या बापाला बोलावलं. "पोर तुझं. तूच समजाव," म्हणाला आणि खुर्ची टाकून बसला. बापानं काशाला मारलं. बैलाच्या चाबकानं. मारताना बाप रडत होता. पाटील म्हणायचा, "हळू मारतोस." मग तो जोरानं मारायचा. आम्ही लांब वडाखाली उभे होतो. बुधी प्रत्येक फटक्याला माझा हात दाबायची.

दुसऱ्या दिवशी तरी निम्मी शाळा बाहेर बसली, कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून. तिसऱ्या दिवशी थोडी. घराघरांत मार पडत होता. शेवटी काशा एकटाच उरला. पाठ भिंतीला टेकवता येत नव्हती म्हणून पालथा पडून राहायचा. मास्तरांनी नाव काढून टाकलं त्याचं. पाटलानं त्याला गुरांमागं लावलं.

आणि आमच्याकडं ठेकेदार आला. खाटेवर बसला नाही, उभ्या उभ्याच बोलला. "तुझ्या पोरांनी गाव नासवलं. भट्टी सोड." बा हात जोडत होता. ठेकेदाराच्या माणसांनी खोपटाची मेढ उपटली. छप्पर आमच्या भांड्यांवर बसलं. आईनं मडकी गोळा केली.

वाटेनं जाताना माळावर काशा दिसला. गुरं चारत होता. त्यानं हात वर केला. बुधी पळत त्याच्याकडं गेली आणि काहीतरी बोलून परत आली. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

डोळखांबच्या वरच्या रानात दुसऱ्या ठेकेदाराकडं भट्टी मिळाली. शाळा लांब. आता बा शाळेचं नाव काढेना. बुधी भट्टीवर कामाला लागली. भट्टी आतून जळत आली की वरची माती खचते, भोक पडतं, जाळ वर येतो. मग वर चढून ओला पाला आणि माती दाबावी लागते. मोठं माणूस जड. म्हणून पोरं चढवतात. हलकी पोरं.

बुधी हलकी होती.

चैत्रात एका सकाळी ती मातीची पाटी घेऊन वर गेली. मी खाली पाला भिजवत होतो. माती खचल्याचा आवाज मोठा होत नाही. धप्प, एवढाच. मी वर बघितलं तर ती कमरेपर्यंत आत होती आणि दोन्ही हात वर केले होते. बानं तिला ओढून काढलं. बाचे हात कोपरापर्यंत भाजले.

घोंगडीची झोळी करून आम्ही तिला शहापूरच्या दवाखान्याकडं घेऊन निघालो. एका बाजूला बा, एका बाजूला मी. ऊन चढलं होतं. ती शुद्धीवर होती. वाटेत म्हणाली, "दादा, काशाला अजून मारतात का रे?"

"नाय गो. सोडला त्याला."

"खरं?"

"खरं."

तिनं डोळे मिटले. पुढच्या ओढ्यापाशी आम्ही तिला पाणी पाजायला टेकवली. पाणी ओठावरून खाली गेलं.

तिथंच, ओढ्याच्या काठी, आम्ही तिला पुरली. कुदळ नव्हती. बाच्या हातांना फडकी बांधलेली. खड्डा मी खणला.

बाचे हात बरे व्हायला बरेच दिवस लागले. आई खोपटात बसून राहायची. मी भट्टीवर चढायचो. एके दिवशी वर उभा होतो, पायाखाली माती गरम होती, आणि मला कळलं की मी उतरणार आहे. उतरलो. हातपाय धुतले. कोळसा निघाला नाही. तसाच डोंगर उतरून डोळखांबच्या शाळेत गेलो. ओसरीवर थांबलो नाही. आत जाऊन बसलो. पहिल्या रांगेत.

मास्तर वेगळे, पण नजर तीच.

"ऊठ. कुठला तू?"

"हितलाच."

"भट्टीवाला दिसतोस. घाटावरचा ना? ऊठ."

"माजी बहीन हितं मातीत हाय, मास्तर. ओढ्याच्या कडंला. मी हितलाच. मी उठनार नाय."

त्यांनी छडी मारली. मी उठलो नाही. कान धरून ओढलं. उठलो नाही. दोन मोठ्या पोरांना सांगून उचलून बाहेर टाकलं. मी परत आत येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. किती दिवस ते मोजलं नाही. एके दिवशी त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "नाव काय?"

नाव लागलं. आनंद झाला नाही. बुधीचं लागायला हवं होतं, पाढे तिला येत होते.

पुढं किन्हवलीच्या बाजारात काशा भेटला. मिसरूड फुटलेली, खांद्यावर चाबूक, दुसऱ्याची बैलजोडी. मी बुधीचं सांगितलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू शिकतोस ना रे?"

"हो."

"मी नाय शिकलो." एवढंच बोलला आणि बैल हाकत निघून गेला. त्याला मी काय देणार होतो? त्यानं आमच्यासाठी शाळा सोडली आणि शाळेनं त्याला कायमचं सोडलं. मुरबाडची मोठी मुलं म्हणे नंतर परत वर्गात बसली. काशाला कुणी परत बोलावलं नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याची जागा आत आहे तो बाहेर पडला तर लोकांना दिसतं. आम्हाला जागाच नव्हती. आम्हाला आत शिरायचं होतं, आणि शिरून बसून राहायचं होतं.

सुगी सरली की घाटावरची माणसं इतक्या वर्षांनीही खाली उतरतात. मी रानात जातो, खोपटाखोपटातून हिंडतो, पोरं गोळा करतो, मुली आधी. शाळेपर्यंत घेऊन जातो. मास्तर, पाटील, ठेकेदार, कुणाच्याही पाया पडत नाही, कोळशाचं पोतं कुणाच्या दारात टाकत नाही. पोरांना पहिल्या रांगेत बसवतो आणि दारात उभा राहतो. अक्षरं मास्तर शिकवतील, त्यांनी नाही शिकवली तर मी शिकवीन. त्याआधीचा धडा मी वाटेतच देतो. उठा म्हटलं तर उठायचं नाही.