किशनचा डावा पाय

किशन गेल्याचं मला कंधारच्या बसस्टँडवर कळलं. मी नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो आणि आनंदचा, त्याच्या मुलाचा, फोन आला. "काका, अण्णा गेले... दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी नांदेडची गाडी सोडली, लातूरची धरली आणि रेणापूरला पोचलो तेव्हा वस्तीतल्या विहारापुढं माणूस मावत नव्हतं. किशन सोनकांबळे हा माझा चाळीस वर्षांपेक्षा जुना मित्र. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. एवढे दिवस मी लिहायला बसत होतो आणि उठत होतो. कारण त्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे त्याच्या पायाबद्दल लिहायचं, आणि त्याच्या पायाबद्दल लिहायचं म्हणजे आम्हां सगळ्यांच्या लाजेबद्दल.

आमची गाठ पडली ती लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा. कचेरी एका भाड्याच्या इमारतीत होती, टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. दोघंही मोजणीदार म्हणून लागलो होतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, गावोगाव रोजगार हमीची कामं निघाली होती, आणि झालेलं काम फितीनं मोजायचं हे आमचं काम. रेणापूर भागातले पाझर तलाव, मुरमाचे रस्ते, सगळं पायी. किशन माझ्यापेक्षा उंच, सडपातळ, भरभर चालणारा. त्याच्यामागं चालताना मला अर्धं पळावं लागायचं. मी कुणब्याच्या घरातला, तो बौद्ध वस्तीतला. पहिले काही दिवस गावातल्या ओसरीवर माझ्यासाठी चहा कपात यायचा आणि त्याच्यासाठी यायचा नाही. तो म्हणायचा, "मला च्या चालत न्हाई, पित्त होतं." आणि खाली बघून फीत गुंडाळायचा. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घ्यायची त्याची ही रीत मी तेव्हाच बघितली होती.

वस्तीत मात्र त्याचा शब्द चालायचा. विहार तेव्हा चार पत्र्यांचं होतं. दर रविवारी वंदना तोच घ्यायचा. त्याचा बाप दारूनं गेलेला. त्यामुळं पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला त्याचा आवाज चढायचा. बुद्धमूर्तीपुढं उभं करून त्यानं कितीतरी माणसांकडून दारू सोडायची, तंबाखू-बिडी सोडायची शपथ वदवून घेतली होती. बायका त्याला दुवा द्यायच्या. आणि हाच किशन कामावर बाभळीच्या आडोशाला बसून बिडीमागून बिडी ओढायचा. हे वस्तीत कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी शेजारी बसून सिगारेट ओढत असे.

बिडी तो कशी शिकला ते त्यानंच एकदा सांगितलं. मोठ्या दुष्काळात, मिसरूड फुटायच्या वयात, तो खडी फोडायच्या कामावर होता. "मुकादम बसू द्यायचा न्हाई बघ. नुस्तं बसलं की आईवरून शिवी. पर बिडी प्यायला बसलं तर काय म्हणायचा न्हाई, सोत्ता बी येऊन बसायचा. मग मी बी बिडी घेतली. बसाया मिळावं म्हनून." मी हसलो होतो. तो हसला नव्हता. म्हणाला, "माधव, तू सिगारेट पितोस ती तुझी एकट्याची. मी बिडी पेलो तर अख्खी वस्ती बिडी पेली असं होतं. 'बघा, शपथा घालतेत अन् आडोशाला काय करतेत.' म्हनून वहिनीला सुदिक कळू देऊ नको." वहिनी म्हणजे त्याची बायको, सुभद्रावहिनी.

त्या उन्हाळ्यात भरभर चालणारा किशन थांबायला लागला. तलावाच्या भरावावरून थोडं चाललं की उभा राहायचा. आधी मला वाटलं, माप बघतोय. मग चपलेचा अंगठा नीट करायचा, मग कुठल्या तरी झाडाकडं निरखून बघायचा. दोन मिनिटं उभा राहिला की पुन्हा चालू. एकदा मी विचारलंच. तो म्हणाला, "पोटरीत कुणीतरी धुणं पिळल्यावानी पिळतंय. उभं ऱ्हायलं की सुटतंय." पुढं थांबे जवळजवळ येत गेले. मग झोपेतही दुखायला लागलं, पाय खाटेवरून खाली लोंबता सोडला तरच थोडा आराम पडायचा. एका दुपारी, उन्हानं मुरूम तापून पोळत होता, त्यानं डावा पाय पुढं केला, "हात लाव." मी हात लावला. वरून भाजत असलेल्या त्या उन्हात त्याचं पाऊल माठाच्या बुडासारखं गार होतं. रंगही उडालेला, बोटांची नखं निळसर. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." तो म्हणाला, "काटा मोडला असंल आत. निघंल."

घरी त्यानं काट्याचंच सांगितलं. काट्यावर घरोघरी जो उपाय करतात तोच सुभद्रावहिनींनी केला. वस्तीत टँकर येईल तेव्हा पाणी, त्यातून दोन घागरी वाट्याला. त्यातलं तांब्याभर पाणी त्या रोज बाजूला काढायच्या, कढत करायच्या आणि त्याचा पाय शेकायच्या. पाय गार लागतो तर ऊब द्यावी, एवढंच त्यांना कळत होतं. त्याला चटका जाणवायचा नाही. ज्या पावलात रक्त पोचत नाही त्याला ऊब सोसतही नाही, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगठ्याला फोड आला, फोडाची जखम झाली, जखम भरेना. कडा काळ्या पडल्या. वास यायला लागला तेव्हा मी जीपवाल्याच्या हातापाया पडून त्याला आणि वहिनींना नांदेडला नेलं.

तिथले सर्जन वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी जखमेकडं नंतर बघितलं. आधी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून बराच वेळ बसले. मग घोट्याच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यामागं. "पावलात नाडी लागत नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "बिडी ओढता?"

वहिनी शेजारी उभ्या होत्या. किशन म्हणाला, "न्हाई जी."

डॉक्टरांनी त्याच्या बोटांकडं बघितलं. वहिनींना म्हणाले, "बाई, यांच्यासाठी प्यायचं पाणी आणा बरं." त्या गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी किशननं मान खाली घातली आणि हाताची बोटं मुठीत लपवली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आजही त्यांच्याच शब्दांत आठवतं. "काटाबिटा काही नाही. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून सुजून बंद होत चालल्यात. चालताना पोटरीला रक्त जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून ती ओरडते. आता तर झोपल्या जागीही पुरत नाही. रक्त नाही तर मांस जगत नाही, जखम भरत नाही. आणि प्रत्येक बिडीनं या नळ्या आणखी आवळतात. अंगठा जाणार. पण आज, या खाटेवर बिडी सुटली तर आजूबाजूच्या बारीक नळ्या थोडं काम उचलतील. पाय राहील. नाही सुटली तर मी कितीही कापलं तरी ते वर वर सरकत जाईल."

किशननं हात जोडले. "सायेब, घरच्यांना काट्याचंच सांगा."

"खोटं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगा. घरातल्या माणसाचा हात पाठीवर असल्याशिवाय हे सुटत नाही."

त्यानं सांगितलं नाही. अंगठा काढला, घरी आला, काट्यानं अंगठा खाल्ला म्हणाला. वस्तीनं विश्वास ठेवला. बिडी सोडायची त्यानं खरंच शिकस्त केली, हे मी शपथेवर सांगेन. पण चोरून लागलेली गोष्ट चोरून सोडायची म्हणजे काय असतं! अंगाला थरथर सुटली तरी 'ताप हाय' म्हणायचं, चिडचिड झाली तर जखमेवर ढकलायचं. कुणी धीर द्यायला नाही, कुणी रागवायला नाही. कुबडी टेकत टेकत तो ओढ्याकडं बिडी ओढायला जायचा. पुढच्या पावसाळ्याआधी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय म्हणाला असेल? "कुणाला कळलं तर न्हाई ना?" ...त्यानंतर त्यानं बिडीला कधी हात लावला नाही. उजवा पाय राहिला.

मी त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर येऊन खिशातली सिगारेट काढली आणि तशीच चुरगाळून टाकली. पण आठवड्याभरात पुन्हा सुरू केली, आणि पुढं कित्येक वर्षं चारचौघांत ओढली. मला कुणी कधी हटकलं नाही. माझे दोन्ही पाय आज शाबूत आहेत. किशनच्या घरी गेलो की मी ते पाय मांडीखाली घालून बसत असे.

कृत्रिम पायावर त्यानं नोकरी पुरी केली. कचेरीत टेबलाचं काम मिळालं. मुलगी नायगावला दिली, आनंद शिकला, विहार पक्कं झालं. काट्याची गोष्ट वस्तीत पोरांना सांगायची झाली होती, 'अनवाणी हिंडू नका, किसनतात्याचं काय झालं बघा.' तो ऐकायचा आणि गप्प राहायचा. मग काही वर्षांपूर्वी वस्तीतला ऑटो चालवणारा प्रकाश, तिशीतला गडी, चालता चालता थांबायला लागला. किशननं ते विहाराच्या पायरीवरून बघितलं. त्यानं प्रकाशला जवळ बोलावलं, पाऊल हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

त्या रविवारी त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. वंदना झाल्यावर तो उठला, भिंतीला धरून. पँटचा पाय वर केला, पट्टे सोडले आणि तो पाय काढून बुद्धमूर्तीपुढं ठेवला. म्हणाला, "काटा न्हवता. बिडी हुती. तुमास्नी शपथा घातल्या तवा बी पीत हुतो." मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्याकडून शपथ घेऊन दारू सोडलेला एक म्हातारा उठला, "मला मूर्तीपुढं उभं केलास अन् सोत्ता..." एवढंच बोलून निघून गेला, आणि मरेपर्यंत किशनशी बोलला नाही. किशननं ते सगळं उभ्या उभ्या, एका पायावर घेतलं. मग प्रकाशकडं वळला. "तुझ्या घरी आताच सांगू. मी येतो संगं." आणि गेला. प्रकाशचं एक बोट गेलं, पाय राहिला. किशन गेला तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत तो होता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेच्या दिवशी सगळे वक्ते याच रविवाराबद्दल बोलले. किती धाडस, वगैरे. मला बोलवलं तर मला उठवेना. कार्यक्रम संपल्यावर सुभद्रावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. खाट तशीच होती, वर घडी घातलेली सोलापुरी चादर. त्या जमिनीवर बसल्या.

"भावजी, तुमी पेपरात लिवता. लिवणार असाल तर खरं लिवा."

"खरं म्हणजे, वहिनी?"

"मला ठावं हुतं." त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून ठावं हुतं. वास येत न्हवता व्हय मला? नांदेडला डॉक्टरनं पाणी आणाया लावलं, मी दाराच्या मागंच उभी हुते. सगळं ऐकलं... घरातल्या मानसाचा हात पाठीवर पायजे म्हनले. ते बी ऐकलं."

मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसलो.

"वाटलं, मी बोलले तर ह्यांची मान खाली जाईल. माझ्यापुढं तर ताठ ऱ्हाऊ दे. म्हनून गप ऱ्हायले. ते माझ्यापासून लपवायचे अन् मी ह्यांच्यापासून. दोघांनी मिळून घालवला पाय." त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. "त्या रईवारी विहारात बायांत बसले हुते. ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड केलं. घरी आल्यावर रडले बी. ह्यांनी माझी माफी मागितली, भावजी... अन् मी ती घेतली."

बाहेर लोक पांगत होते. आनंद खुर्च्या उचलत होता. खोलीच्या कोपऱ्यात किशनचा पाय भिंतीला टेकून उभा होता आणि खिडकीच्या दोरीवर, त्या पायाच्या आत घालायचा एक सुती मोजा वाळत होता. तो ओला होता. माझी नजर तिकडं गेलेली वहिनींनी बघितली.

"सकाळी धुतला," त्या म्हणाल्या. "रोजचा हात हाय... थांबत न्हाई."