कमजोर डोळ्यांचा टीव्ही

टीव्हीच्या दुकानात त्यांना सगळे अंतरकाका म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की बाकीचे सेल्समन "किती इंची दाखवू?" म्हणत त्याच्या अंगावर धावत. काका मात्र शांतपणे विचारत, "बसता कुठे? भिंतीपासून किती लांब?" गिऱ्हाईक बावचळे. टीव्ही घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही, असा चेहरा करी. पण काका खोली, खिडकी, दिवे, घरातली माणसं सगळं खोदून खोदून विचारत आणि मग एका पडद्याकडे बोट दाखवत. ते बोट सहसा चुकत नसे.

एवढं कळणारा माणूस थोडा फुशारलेला असायचाच. काकाही होते. कुठल्या गिऱ्हाइकाला कसं वाचवलं, कोण कसा भडक पडद्याला भुलला होता, हे सगळं ते घरी येऊन साग्रसंगीत सांगत. आणि काकू शिलाई मशीनवरून मान न उचलता ऐकत.

काकू शिवणकाम करत. त्यांचा खरा लौकिक मात्र रंगांचा. कापडाची चिंधी दाखवा, डब्यातल्या ढीगभर रिळांतून नेमक्या त्याच छटेचा दोरा काढून हातात ठेवतील. शिवणकाम करणाऱ्या इतर बायका नुसता दोरा जुळवून घ्यायला त्यांच्याकडे जिना चढून येत. मूलबाळ नव्हतं. एकाने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, असा हा संसार. टीव्हीच्या बाबतीत काकांचा शब्द म्हणजे काकूंना काळ्या दगडावरची रेघ.

मग त्याच जिन्यावरून काकू पडल्या. मणका दुखावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोज व्यायाम केलात तर उठून बसाल, मशीनवरसुद्धा बसाल. व्यायाम सोडलात तर मात्र अंथरूण तुम्हाला सोडणार नाही." पाय हलवताना ब्रह्मांड आठवायचं. तरी काकू ओठ दातांखाली दाबून सकाळ-संध्याकाळ व्यायाम करत. कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत करत.

दिवसभर पडून राहायचं म्हणजे टीव्ही हवाच, आणि घरातल्या जुन्याने नेमकी तेव्हाच मान टाकली. काका कंबर कसून कामाला लागले. दुकानातल्या ओएलईडीसमोर ते किती तरी वेळ उभे राहिले. त्याचा एकेक ठिपका आपल्याच उजेडाने पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळा म्हणजे अगदी काळा. पण काकू एकच चॅनेल दिवसभर लावणार. कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह पडद्यावर कायमचं उमटलं तर? शिवाय खोलीला मोठी खिडकी, तिच्या उजेडापुढे तो फिका पडायचा. साधा एलईडी नको, त्याच्या काळ्यात राख कालवल्यासारखी दिसते. उरला क्यूएलईडी. उजेड भरपूर, रंग भरलेले, चिन्ह उमटायची भीती नाही. काकांनी तो आणला, भिंतीला पक्का बसवून घेतला, टेप लावून समोर खुर्चीची जागा ठरवली आणि खुर्चीत बसून विचारलं, "काय, कसा आहे?"

"छान आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा पलंग न्हाणीघराच्या दाराजवळ, टीव्हीच्याच भिंतीला लागून होता. एका कुशीवरच त्यांना निजता येई.

त्यानंतर व्यायाम ढिला पडत गेला. आधी संध्याकाळचा गेला, मग सकाळचाही. काका रागावले, विनवण्या करून झाल्या, शेवटी रुसूनही बघितलं. काकू नुसतं "करते हो" म्हणत.

आणि एका संध्याकाळी काका घरी आले तर कोपरा रिकामा. मशीन नाही, रिळांचा डबाही नाही.

"भाचीला दिलं सगळं," काकू म्हणाल्या. "आजच येऊन घेऊन गेली."

"दिलं? म्हणजे काय दिलं? आणि बरी झाल्यावर शिवणार कशावर, माझ्या डोक्यावर?"

"मी आता कुठली शिवतेय! डोळे गेले हो माझे."

काकांना काही समजेना.

"तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, आधीच माझं एवढं करताय. टीव्हीवर मला रंगच दिसत नाहीत. लाल म्हणावं तर विटकरी, हिरवं म्हणावं तर राखाडी. माणसांचे चेहरे तर आजारातून उठल्यासारखे. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी लांबचे रंग धुऊन गेले, मग जवळचे. तिला शेवटी ताटातलं दिसत नव्हतं. दोरा न जुळवता येणारी बाई मशीन घेऊन काय करणार?"

"अगं, पण मला बोलायचंस तरी! टीव्हीत काही बिघाड असेल."

"तुम्ही निवडलेल्या टीव्हीत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही त्या खुर्चीत बसून रोज वाखाणता, रंग बघ, रंग बघ. तुम्हाला दिसतात आणि मला दिसत नाहीत, म्हणजे डोळे माझेच ना?"

काका पलंगाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आपलं डोकं काकूंच्या उशीवर, त्यांच्या डोक्याला लावून ठेवलं. टीव्ही चालूच होता. कुठल्याशा बागेचा कार्यक्रम होता. सगळी बाग धुरकट, फुलं पिठात लोळवल्यासारखी. काकांनी मान उचलून पाहिलं, परत उशीवर ठेवून पाहिलं. मग खुर्चीपाशी जाऊन पाहिलं, तर तीच बाग रंगांनी भरलेली.

समोरून भरगच्च दिसणारे या जातीचे बहुतेक पडदे फार बाजूने बघितले की रंग धुऊन टाकतात. काकांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! लांब-रुंद हॉल असलेल्या गिऱ्हाइकांना ते स्वतः बजावत, की बाजूला बसणारं कुणी असेल तर हा घेऊ नका. पण आपल्या घरी त्यांनी टेप लावली ती खुर्चीपर्यंत. जिच्यासाठी टीव्ही आणला ती कुठून बघणार, हे विचारायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि तो किती मोठा असतो हे त्या संध्याकाळी त्यांना कळलं.

"डोळे चांगले आहेत तुझे," ते म्हणाले. "टीव्ही चुकला. मी चुकलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं ते मायेने. पटलं म्हणून नव्हे.

काकांनी डोळ्यांचे डॉक्टर घरी आणले. डॉक्टरांनी बॅटरी मारून, वाचायला लावून सांगितलं, वयाच्या मानाने डोळे उत्तम. ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "जिन्यात पढवलंत ना त्यांना?" पलंग हलवायला जागा नव्हती आणि टीव्ही तिरका करायला कपाट आड येत होतं, म्हणून काकांनी तो उतरवला आणि ओएलईडी आणून लावला. चिन्ह उमटायचं तर उमटू दे, असं म्हणाले. खिडकीला पडदा टाकला. या वेळी ते खुर्चीकडे फिरकलेही नाहीत, थेट उशीपाशी बसले.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "तो पक्षी मोरपंखी आहे ना हो? आणि गळ्यापाशी जरा हिरव्याकडे झुकलाय?"

"बघ! बघ, सांगत होतो ना!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिसतंय तुला. उद्या मशीन परत आणू. उद्यापासून व्यायाम."

"कमजोर डोळ्यांसाठी वेगळा टीव्ही निघतो होय? तरीच एवढी धावपळ चालली होती."

"अगं बाई, असा टीव्ही कुठे नसतोच! पहिला मी चुकीचा आणला होता. शपथ."

काकूंना हसू आलं. पडल्यापासून प्रथमच त्या एवढ्या मोकळ्या हसल्या असतील. "तुम्ही आणि टीव्हीत चुकाल! माझ्यासाठी एवढं खोटं बोलू नका हो. डोळे जायचेच होते, आईचे गेले तसे."

व्यायाम त्यांनी पुन्हा केला नाही. भाची मशीन परत आणायला तयार होती, काकूंनीच नको म्हटलं. अंथरुणाने त्यांना सोडलं नाही आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. तोवर समाचाराला जो कोणी येईल त्याला त्या पडल्या पडल्या टीव्ही दाखवत आणि कौतुकाने सांगत, "माझे डोळे गेले ना, तर यांनी खास कमजोर डोळ्यांचा शोधून आणला." पाहुणे काकांकडे आदराने बघत. काका पाणी आणायला आत जात.