मामांचा धोटा

३१ मार्च. तिमाही संपली की आमच्या विभागातल्या सगळ्यांचे बॅज गोळा करून तपासणीला पाठवायचे असतात, आणि ते काम माझं. बॅज म्हणजे छातीवर लावायची एक चपटी डबी. किरणोत्सारी औषधं हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावर तीन महिन्यांत किती किरणं पडली, ते ती मुकाट्याने साठवून ठेवते आणि प्रयोगशाळेत गेल्यावर सांगते. सोलापूरच्या एका खाजगी इस्पितळात मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागाची इनचार्ज सिस्टर आहे. त्या सकाळी मी बॅज पुसून, मोजून पाकिटात भरत होते आणि दुपारी आमच्या मामांचा निरोप समारंभ होता. तिथे मामांबद्दल चार शब्द बोलायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं.

मामांबद्दल एकच वाक्य बोलायचं तर ते असं, की जगात यंत्र एकच आहे, ते म्हणजे माग, आणि बाकीची सगळी यंत्रं ही मागाचीच वाट चुकलेली पोरं आहेत, अशी त्या माणसाची पक्की समजूत आहे. इस्पितळात वयस्क कर्मचाऱ्याला मामाच म्हणतात. पण इतरांना काहीतरी जोडावं लागतं, स्टोअरचे मामा, ओपीडीचे मामा. नुसते मामा म्हटलं की हेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरात जन्मले, घरात तेलुगू, दाराबाहेर खणखणीत सोलापुरी मराठी. वीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. शेड बंद पडली तेव्हा आमच्याकडे इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागले, आणि बघता बघता इस्पितळातलं एकूण एक यंत्र त्यांच्या ताब्यात गेलं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून यायचा, लॅपटॉप उघडायचा, वायर जोडायचा. तोवर मामांनी यंत्राला कान लावून निदान केलेलं असायचं. आधी कान, मग डोळे, मग पाना, हा त्यांचा क्रम. एकदा ईसीजीच्या मशीनला कान लावून म्हणाले, "उजवीकडची पट्टी रडायलीय." कंपनीच्या माणसाने दीड तास खटपट केली आणि उजवीकडचीच पट्टी बदलली.

मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. आयसीयूत त्यांनी साधं "हो" म्हटलं तरी तीन बेडच्या मॉनिटरवर ठोके वाढायचे, आणि त्यांना दटावलं तर म्हणायचे, "बघा, तिन्ही मशीनी चालू हायत. टेस्टिंग झालं की." शेवटी त्यांनी आयसीयूत शेडमधली खुणांची भाषा आणली. मागावरची माणसं आवाजात बोलू शकत नाहीत म्हणून हातांनी बोलतात. महिन्याभरात आमचे भूलतज्ज्ञसुद्धा दोन बोटं उडवून "चहा सांगा" म्हणायला लागले.

त्यांच्या जेवणाच्या डब्याला चार खण होते. वरच्यात भाकरी आणि शेंगाचटणी, खालच्या तिन्हींत स्प्रिंगा, स्क्रू आणि वायरचे तुकडे. त्यातूनच त्यांचे शोध बाहेर पडायचे. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्याच न्यायाने सलाईन संपलं की काहीतरी वाजलं पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात आलं. स्प्रिंगवर बाटली टांगली, खाली सायकलची घंटी बसवली. बाटली हलकी झाली की स्प्रिंग वर आणि घंटी खण्णकन. पहिल्याच दिवशी बार्शीचे एक आजोबा झोपेत घंटी ऐकून सायकलला वाट द्यायला बाजूला सरकले आणि पलंगावरून खाली येता येता वाचले. मामांनी पलंगाला कठडा लावला. घंटी काढली नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी क्लिप लहान मुलांच्या बोटातून निसटायची, तर त्यांनी कपड्यांच्या चिमट्याची स्प्रिंग सैल करून तिच्यात बसवली आणि ती येईल-जाईल त्याच्या बोटाला लावत सुटले. परवानगीशिवाय उद्योग करतात म्हणून सुपरिंटेंडेंट साहेब त्यांना झाडत होते, तेव्हा मामांनी साहेबांचं टेबलावर आपटणारं बोट अलगद धरलं, चिमटा लावला आणि म्हणाले, "साहेब, ठोके एकशेदहा. आदी बसा." साहेब बसले.

हे सगळं मी दुपारी भाषणात सांगितलं. लोक पोट धरून हसले. मामाही हसले, पण साहेबांकडे बघून जरा बेतानं. मग त्यांना शाल म्हणून सोलापुरी चादर पांघरली. आयुष्यभर चादरींचे माग दुरुस्त केलेल्या माणसाला चादर, ही कल्पना कुणाची ते माहीत नाही. मामांनी तिचा कोपरा चिमटीत धरून चोळला आणि शेजारी बसलेल्या मला ऐकू जाईल, म्हणजे सगळ्या हॉललाच ऐकू जाईल, असं म्हणाले, "बाणा सैल हाय." बाणा म्हणजे विणीतला आडवा धागा.

भाषणात मी सांगितला नाही तो धोटा. धोटा म्हणजे मागावर या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारं, पोटात सुताची कांडी घेतलेलं लाकडी होडकं. आमच्याकडे थायरॉईडच्या कॅन्सरच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पाजतात. ते प्यायलं की माणूस स्वतःच काही दिवस किरणं सोडत राहतो, म्हणून त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि कुणी विनाकारण आत जायचं नाही. पण औषध पाजायला तरी आत जावंच लागे. शिशाचं जड भांडं छातीशी धरून मी जायची, कारण बाकीच्या मुली तरुण. हे मामांनी एकदा दारातून पाहिलं. तीन आठवडे ते जेवायला दिसले नाहीत. मग एक दिवस भिंतीतल्या झडपेतून आत-बाहेर जाणारे दोन रूळ आले आणि त्यावर शिशाने मढवलेला लाकडी धोटा. बाहेरून आपण औषधाचा पेला ठेवायचा, आतून रुग्णाने दोरी ओढायची. धोटा आत जाई, रुग्ण नळीने औषध पिई, धोटा परत येई. आपण काचेतून बघायचं. "मागावर मानूस कदी धोट्यासंगं पळतो का, सिस्टर?" मामा म्हणाले. "मग तुमी का पळताव?" आमच्या सेफ्टी ऑफिसर सरांनी किरणं मोजायचं मीटर लावून धोटा तपासला आणि वापरायला परवानगी दिली. इस्पितळाच्या कागदावर मामांच्या नावाने चढलेला तो एकमेव शोध. त्या कागदाची झेरॉक्स त्यांनी घरी देवाशेजारी लावली होती.

आठ-नऊ महिने धोटा धावला. मग एका तिमाहीचा अहवाल आला आणि त्यात माझ्या बॅजचा आकडा चढलेला होता. धोक्याच्या पातळीइतका नव्हे, पण खुलासा मागण्याइतका. सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला बोलावलं. कामाच्या पद्धतीत काय बदल झाला, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच सुचवलं, ते मामांचं खेळणं तर नव्हे? मी म्हणाले, "बहुतेक तेच असावं." एवढंच. त्याच दिवशी धोटा काढून भंगारच्या खोलीत गेला. सेफ्टी ऑफिसर सर पुन्हा मीटर लावून बघू म्हणत होते, पण साहेबांनी ऐकलं नाही. मामांना आमच्या विभागात पाऊल टाकायला बंदी झाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी, ज्या खोलीत आम्ही आयोडीनच्या रुग्णांच्या चादरी आणि कपडे पिशव्यांत बांधून ठेवतो, त्या खोलीत मी गेले. त्यांतली किरणं 'विझेपर्यंत' त्या तिथेच ठेवायच्या असतात. विझणं हा मामांचा शब्द, आता आमचाही. दारामागच्या खुंटीकडे माझं लक्ष गेलं आणि मला भाचीचं लग्न आठवलं. त्याच तिमाहीत मी टेंभुर्णीला बारा दिवस लग्नाला गेले होते. निघायच्या घाईत त्या खोलीत शेवटची पिशवी ठेवली, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि तशीच बस गाठली. परत आले तेव्हा ॲप्रन तिथून उचलला आणि अंगात घातला. बॅज ॲप्रनवरच होता. मी टेंभुर्णीत हळद लावत होते आणि माझा बॅज बारा दिवस त्या पिशव्यांच्या सोबतीला होता. किरणं त्याने खाल्ली होती, मी नव्हे. धोटा तर नव्हेच.

विभागाच्या दाराशी पाटी आहे, बॅज काम संपल्यावर रॅकमध्येच ठेवावा. पाटी मीच लावली. त्यासाठी मी मुलींना रडेपर्यंत बोलले आहे. आज सांगते, उद्या सांगते, असं दोन आठवडे गेले. मग एवढ्या उशिरा कसं सांगायचं, हा प्रश्न तयार झाला. मला उत्तर माहीत होतं. पण त्या प्रश्नाच्या आडोशाला राहणं सोयीचं होतं.

मामांनी भांडण केलं नाही. ते वेगळंच काही करायला लागले. रोज सकाळी विभागाच्या दाराबाहेर, बंदीच्या रेषेपलीकडे उभे राहून विचारायचे, "सिस्टर, रक्त तपासलं का?" माझं रक्त उत्तम होतं. तरी दर आठवडी बाजारानंतर ते सांगोल्याकडची डाळिंबं आणायचे, त्यांच्या बायकोने निवडलेली. डाळिंबाने रक्त सुधारतं म्हणून. आपल्या हातून एका बाईच्या अंगात किरणं गेली, हे त्या माणसाच्या मनात घर करून बसलं होतं. सलाईनच्या घंटीनंतर चिमटा, चिमट्यानंतर धोटा, धोट्यानंतर मात्र काही नाही. डब्याच्या चारही खणांत जेवण यायला लागलं. दोन वर्षं मला डाळिंबं मिळाली, आणि मी ती खाल्ली. नको म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं.

निरोपाला उत्तर देताना मामा उठले. माइक त्यांना लागत नाही, तरी धरला. सगळ्यांचे आभार मानले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येकच मनात ऱ्हायलं. माझ्या धोट्यापाई सिस्टरला तरास झाला. त्यांनी कदी बोलून दावलं न्हाय, त्यो त्यांचा मोठेपना." आणि पिशवीतून डाळिंबं काढून माझ्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासमोर माइक होता. मी डाळिंबं घेतली आणि खाली बसले.

घरी आले आणि नकळत हात छातीशी गेला, पण तिथे बॅज नव्हता. अर्थातच नव्हता, तो मीच सकाळी पाकिटात भरला होता. तरी हात शोधत राहिला. जेवण झाल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या मी कागदावर सगळं लिहिलं. तारीख, खुंटी, पिशव्या, बारा दिवस. खाली सही केली आणि कारणं दिली नाहीत, कारण देण्यासारखं एकही नव्हतं.

सकाळी सात वाजता मी पूर्व भागात मामांच्या घरी गेले. निवृत्तीचा पहिला दिवस, मामा पायरीवर रिकामे बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. मामा ऐकताना मान एका बाजूला करून होते, यंत्र ऐकताना करतात तशी. मग म्हणाले, "कुठली खुंटी? दारामागली?"

"हो."

"तिच्या खालीच पिशव्या ऱ्हात्यात की." थोडा वेळ हिशेब करत राहिले. "मंजी धोटा गळत नव्हता."

"नव्हता, मामा."

त्यांनी आत वळून बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मोठ्याने सांगितलं, त्यामुळे गल्लीलाही कळलं असणार. मला फक्त धोटा हा शब्द कळला. आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी म्हणाले, मामा, मला काय बोलायचं ते बोला.

"दोन वर्षं डाळिंबं खाल्ली की तुमी."

"खाल्ली."

"गोड हुती?"

"होती."

"मग ती निवडनाऱ्या बाईला तेवडं सांगा," म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. मी आत जाऊन सांगितलं. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याचा तांब्या मात्र पुढे केला.

इस्पितळाच्या गेटवर वॉचमनने मामांना सवयीने सलाम ठोकला, मग काहीतरी आठवून ओशाळला आणि बाहेरच्या लोकांचं रजिस्टर पुढे केलं. मामांनी नाव लिहिलं. चष्मा नीट करून, सावकाश. पत्र मी सेफ्टी ऑफिसर सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, साहेबांसमोर मला उभं राहावं लागेल म्हणाले, आणि मीटर घेऊन दहा वाजता येतो म्हणाले. मी भंगारच्या खोलीची किल्ली आणली.

मोडक्या खुर्च्यांमागे धोटा होता. मामांनी तो हळूच बाहेर ओढला, खांद्यावर टाकून आणलेल्या कालच्या चादरीच्या टोकाने धूळ पुसली, एक चाक बोटाने फिरवलं आणि त्याला कान लावला. बराच वेळ लावला. आता त्यांना फारसं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे.

"तेल पायजे," ते म्हणाले.

मी कॅन्टीनमधून तेल आणायला गेले.