बिनखुणेची जागा

तुदा माणसांशी बोलायची कमी, मेंढरांना शिव्या घालायची जास्त. ॲटलास डोंगरातल्या आमच्या माळावर, तंबूतच जन्मलेली बाई. तिचं पहिलं लेकरू वसंतात कळप वर नेताना वाटेतच गेलं, नाव ठेवायच्याही आधी. असलं लेकरू आम्ही खूण न ठेवता पुरतो. माती सारखी करायची आणि वरून सगळा कळप हाकायचा. कोल्ह्याला जागा कळत नाही, करणी करणाऱ्या बायांना माती सापडत नाही. पुढं कधी तिकडं बोट करायचं नाही. बोट केलं की लेकराला वाटतं, आईनं बोलावलं. ते उठतं आणि मागोमाग घरी येतं.

तुदा दर वसंतात तिथून जायची. हात निसटल्यासारखा करून घोटभर ताक सांडायची. आम्ही तेवढा वेळ मेंढरांकडं बघायचो.

मग माळावर उन्हाच्या विजेचा मोठा प्रकल्प यायचं ठरलं. नियम ठरवायला कचेरीत सभा भरली. पुदिन्याचा चहा फिरला. प्रकल्पाच्या कामासाठी शहरातनं आलेल्या गिझलान नावाच्या पोरीनं नकाशा पसरला.

"घरं, विहिरी, कळपाच्या वाटा, कबरी. यांच्यापासून किती लांब राहायचं ते तुम्हीच ठरवा. पण ही शेवटची सभा. जे नकाशावर नाही, ते नियमात नाही."

तुदाचा दीर बास्सो जमातीचा पंच. तो म्हणाला, "कबरस्तान खाली गावात हाय. वर नुसतं गवत."

"वर हाय," मागनं तुदा बोलली.

"वैनी, गप बस."

"तू गप. तुझं पन एक हाय की वर."

चहाचे पेले होते तिथंच थांबले.

"खुणा आहेत का काही?" गिझलाननं विचारलं.

"खूण कशाला ठिवू? कुनाला घावू नये म्हनून तर पुरलं."

गिझलान त्या दोघांना जीपमधनं माळावर घेऊन गेली. लाल फडकी बांधलेल्या खुंट्या आधीच ठोकलेल्या. तुदा त्यांच्यामधनं सरळ चालत गेली, थांबली, ताक सांडलं.

"मावशी, ताक सांडलं एवढ्यावर मी काय लिहू? कुठून कुठवर, बोटानं दाखवा. नाहीतर खांब इथंच येणार."

"घरी चल, वैनी," बास्सो म्हणाला. "निजलंय ते निजू दे."

"खांब डोक्यातनं गेल्यावर कसं निजंल रं?"

तुदानं बोट केलं. बास्सोनं तोंड फिरवलं. गिझलाननं त्यालाही त्याची जागा विचारली, तेव्हा तो म्हणाला, "माझं काय न्हाई हितं."

आता त्या काचांच्या रानात तारेनं वेढलेला एक तुकडा मोकळा आहे. तुदा तिकडं फिरकत नाही.

"तिथं कुनी न्हाई आता," म्हणते.

संध्याकाळी तिचा कळप अंगणात शिरतो तेव्हा मधोमध दुभंगतो. खाली कुणी निजलंय तसा वळसा घालतो, पलीकडं परत एक होतो. बास्सो गडग्याशी येऊन ते बघत उभा राहतो. एकदा मी शेजारीच होतो.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "माझं पन दाखवाय पायजे हुतं का गं?"

तुदानं अंगणात जाऊन ताक सांडलं. हात निसटल्याचं सोंग ती आता करत नाही.