मस्कतमधली ती

आमच्या देवबागात दर दुसऱ्या घरात एक तरी भुताची गोष्ट असते. मी त्या ऐकायला कधी बसलेच नाही. बीएस्सी झालेली आहे, देवळातसुद्धा सासूबाईंना सोबत म्हणून जायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच नवरा, विनायक, मस्कतला एसी मेंटेनन्सच्या नोकरीवर गेला. मागे मी, सासूबाई आणि आमच्या होमस्टेच्या खोल्या. पर्यटकांची जेवणं आटपली की दुपारी मी जरा आडवी व्हायचे. पण ती झोप विचित्रच. सासूबाई म्हणायच्या, "काय गो ही झोप! हाका मारून माझो घसो सुकलो, तरी तू हलणस नाय." उठल्यावर अंग दमलेलं असायचं, कशाने ते कळायचं नाही.

विनायक सुरुवातीला फोनवर रडवेला असायचा. "हय माका करमणा नाय." ऐकून वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. मग एकदम सूर बदलला. "आता बरां वाटता गो. दुपारी जेवूक रूमवर येतंय, तर घर कसां भरलेलां वाटता."

भरलेलं? व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे बघितलं, तर भांडी घासून कपड्यावर उपडी घातलेली. देवबागला असताना या माणसाने स्वतःचं ताट कधी उचललं नव्हतं!

"तुझ्या वांगडा कोण रवता?"

"कोण नाय गो. एकटोच आसंय."

"मग भांडी कोण घासता?"

"...मीच घासत आसतलंय."

'आसतलंय'? घासत असेन म्हणजे काय?

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्षच उडालं. मालवणच्या बाजारात सुरमई निवडताना वाटायचं, आत्ता 'ती' त्याला काय तळून घालत असेल? कॉलचे स्क्रीनशॉट काढून मोठे करून बघायचे... एखादा केस, एखादी टिकली. आत नुसती आग. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "हय बसान जळतंस कित्याक? जा, डोळ्यांनी बघून ये." त्यांनी मदतीला आपल्या बहिणीला बोलावलं आणि माझा व्हिसा झाला.

भांडायच्या तयारीनेच गेले. रूमवर विनायकशिवाय कोणीच नव्हतं. कपाटं, बाथरूम सगळं धुंडाळलं... काही नाही. संध्याकाळी चहा ठेवला. विनायक म्हणाला, "साखर..." आणि थांबला. वरच्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यातली साखर मी काढून घातलीसुद्धा होती. ती तिथे आहे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

नव्या शहरात माणसं रस्ते चुकतात. मी एकदाही चुकले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फिलूआंटी जिन्यात भेटल्या. मडगावच्या, पण मस्कतमध्ये खूप वर्षं राहिलेल्या. मला बघून हात धरला. "आगो, खंय गेल्लें तूं? कितले दीस दिसूंक ना!"

मी म्हटलं, मी कालच आले, पहिल्यांदाच. त्यांना ती थट्टा वाटली. म्हणाल्या, पिवळ्या गाऊनमध्ये गॅलरीत कपडे वाळत घालायचीस ना दुपारची?

पिवळा गाऊन माझा आहे. तो देवबागला होता... दांडीवर.

आंटी माझ्याकडे निरखून बघत हळूच म्हणाल्या, "तेन्ना तूं कितलें हांसतालें. आतां हांसना."

आता मस्कतला येऊन बरेच महिने झाले. दुपारची तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. एका डॉक्टर मैत्रिणीला सगळं सांगितलं, तर म्हणाली, ताणामुळे भास होतात. असतील. पण भास मला व्हायला हवा होता ना, आंटींना कसा?

परवा जेवताना विनायक म्हणाला, "रागवू नको हां... तू इलंस आणि घर उलटां रिकामां वाटाक लागलां."

मी त्याला भात वाढला. पण आतली ती आग तशीच भडकली. ती कोण होती, मला अजून कळलेलं नाही. आणि ती मीच असेन... तर तिच्यासारखं हसायला मला का येत नाही, तेही कळलेलं नाही.